निळे खडे

कुंभारवाड्याच्या बसचा कंडक्टर उतरून अंगणापर्यंत चालत आला, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. तो कधी उतरत नाही. सुमन गेली म्हणाला... धारवाडला, काविळीनं. त्याला आता तीन आठवडे झाले. सुमन माझ्या बहिणीची लेक. बहीण लवकर गेली, म्हणून तिचं माहेर म्हणजे माझंच घर.

तिचा अभ्यास शेंगांच्या मुळांवरच्या गाठींचा. घेवडा उपटला की मुळाला बारीक गाठी दिसतात ना, त्यांत जिवाणू राहतात, हवेतलं नत्र पिकाला भरवतात. कुठला जिवाणू कुठल्या कुळीचा, हे ती डीएनएवरून लावायची. मी म्हणायची, "सोयरीक जुळवणारीचं काम गं तुझं, कूळ काढत बसायचं!" ती हसायची, "व्हय मावशी, पण हे वऱ्हाड खोटं बोलत न्हाई."

चार वर्षांमागं तिनं माझ्या मळ्यातला घेवडा उपटला आणि गाठी एका बाटलीत घातल्या. तळाला ओल शोषणारे निळे खडे, वर कापूस, त्यावर गाठी. ओल लागली की खडे गुलाबी होतात, तव्यावर भाजले की परत निळे. बाटली जेमतेम अर्धी भरली. ती आंघोळीला गेली नि मी बाटलीकडं बघत बसले. माहेरवाशिणीला अर्धं भांडं देऊन कोण वाटेला लावतं का? शेजारच्या ओळीत अळसांदे होते, तुम्ही चवळी म्हणता ते. त्यांच्याही मुळाला गाठी असतातच की. तोडल्या मूठभर, बाटली काठोकाठ केली.

"अगं, भरली कशी ही?"

"मुळालाच ऱ्हायल्या होत्या. तुझी नजर कच्ची हाय."

वर्षानं आली ती पार वाळून. घेवड्याचे जिवाणू तीन-चार दिवसांत वाढतात म्हणे, ह्या बाटलीतले निम्मे आठवडाभर हलेनात, आणि त्यांचं कूळ घेवड्याच्या कुळाशी जुळेचना. तिच्या प्रबंधाच्या सरांनी चारचौघांत सुनावलं, तुझे हात स्वच्छ नाहीत, बाहेरचं मिसळलंस. मी भाकरी थापत होते. तिनं विचारलं, "मावशी, त्या गाठी घेवड्याच्याच न्हवं?"

"व्हय तर."

एवढंच बोलले मी. तिनं सगळं पहिल्यापासून केलं, वर्ष गेलं. प्रबंध झाला शेवटी, पण जेवायला बसायच्या आधी ती तीन-तीनदा हात धुवायला लागली. शेवटची आली तेव्हा बोटांची सालं निघाली होती. मी खोबरेल चोळत होते, तिची बोटं माझ्या हातात, सांगायचं अगदी ओठांवर आलं... आणि मी म्हटलं, "चल, भात निवतोय."

तशीच एक रिकामी बाटली ती माझ्याकडं ठेवून गेली होती. चुलीमागच्या फळीवर आहे. खडे गुलाबी झाले की मी तव्यावर भाजते, निळे करते. परवा घेवडा उपटला, गाठी काढून तीत घातल्या. अर्धीच भरली. हात सवयीनं अळसांद्यांच्या ओळीकडं गेला...

अर्धीच ठेवलीय, सुमन.