विनीने एकेचाळीस वेळा उघडलेला नकाशा

बॅलरॅटचा क्लेम टॅलिस बार्बेक्यूवरची सॉसेजसुद्धा घड्याळ लावून उलटायचा. ह्याच शिस्तीला कंटाळून त्याची बायको गेली, असं लोक म्हणत. खरं कारण त्याचा बॅगपाइप होता, पण ते असो.

क्लेम जिल्ह्याच्या वणव्यांचा नकाशा सांभाळायचा. एरवी तो नकाशा चारदोन माणसं बघत. तेवढ्यांना दोन सर्व्हर पुरत. वणवा लागला की सगळा जिल्हा एकदम त्याच्यावर तुटून पडे. म्हणून क्लेमने नियम लिहिला: सर्व्हर कामाने तापले की आपोआप नवे जोडायचे, थंड पडले की काढून टाकायचे. बारा महिने कोणी बघायला नको. केवढी ऐट त्या नियमाची!

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या ड्रागानाने तो वाचला आणि ती हसली.

"समज, पबात बिअरचं पिंप अडकलंय, रांग रस्त्यापर्यंत गेलीय आणि बारवाला हात बांधून उभा आहे. तू त्याला रिकामा समजून घरी पाठवणार?"

"म्हणजे काय करू, बाई?"

"रांग मोज, क्लेम. बारवाल्याचा घाम नको मोजूस."

"मोजतो. कपाची शर्यत होऊन जाऊ दे."

नोव्हेंबरात आपल्याकडे सगळंच कपाच्या, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीनंतर होतं. शर्यत झाली. मग म्हणाला, नाताळानंतर बघू.

त्याची थोरली बहीण विनी वरच्या डोंगरधारेवर दोन घोड्यांसोबत एकटी राहायची. धुराचा वास आला, घोड्यांचे कान फिरले, की निघायची. दोनदा उगाचच पळून आली होती. क्लेमने पबात सगळ्यांसमोर तिची टर उडवली.

"तुझ्या नाकापेक्षा माझा नकाशा बरा, विनी. त्यावर तुझी धार लाल होईपर्यंत निवांत चहा पी."

"आणि नाहीच झाली लाल, तर?"

"तर अजून एक कप पी, म्हातारे!"

तिच्या छपरावर इंटरनेटची थाळीही त्यानेच बसवून दिली.

ऐन उन्हाळ्यात, डिसेंबरातल्या त्या गुरुवारी दुपारी उत्तरेचा तापलेला वारा सुटला आणि वणवा लागला. जिल्हा नकाशावर तुटून पडला, दोनाचे आठ सर्व्हर झाले. आगीच्या नोंदी जिथे साठवलेल्या असतात, ते कोठारच तुंबलं. नोंदींची वाट बघत सर्व्हर नुसते उभे राहिले. काम नाही, म्हणून थंड. नियमाने त्यांना रिकामे ठरवलं आणि एकेक करून काढून टाकलं. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. क्लेमसमोरच्या आलेखावर सगळं शांत दिसत होतं.

"बघितलंस? घाम नाही फुटला," तो ड्रागानाला म्हणाला.

तिने आपल्या फोनवर नकाशा उघडला. पांढरा पडदा. तिने फोन त्याच्यासमोर धरला.

क्लेमने विनीला फोन लावला. लागला नाही. मग कधीच लागला नाही.

कोणत्या घरातून नकाशा किती वेळा मागितला गेला, ह्याची यादी सर्व्हर ठेवतो. धारेवर थाळी एकच होती. दोन वाजून चाळीस मिनिटांपासून तीन बावन्नपर्यंत, एकेचाळीस वेळा. एकदाही उत्तर गेलेलं नाही. घोड्यांचे कान तिला दिसले असतीलच की.

विनीच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी क्लेम ऑफिसात आला. रांग मोजणारा नियम लिहायला त्याला वीस मिनिटं लागली. बघ म्हणून त्याने पडदा ड्रागानाकडे वळवला.

तिने बघितलं नाही.