अभिप्राय न आल्यास

जालना जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो. पुढची वीसेक वर्षं जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या कचेऱ्यांमध्येच गेली. जालन्यातल्या मस्तगडहून रोज एसटी, पिशवीत डबा आणि खिशात दिवसभराच्या कामांची यादी. यादी केल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही.

कचेरीत शिकलेली पहिली गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नव्हती. आमच्याकडे ‘नाही’ लिहायचं नसतं. नकार लिहिला की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की अपील येतं. म्हणून जे करायचं नाही ते पडू द्यायचं. नकाशावर शिक्का नाही, एखादी प्रत कमी आहे, असं काही ना काही सापडतंच. प्रकरण लाल फडक्यात बांधायचं आणि अर्जदार दमेपर्यंत थांबायचं. मी त्यात पटाईत होतो. आमचा म्हातारा शिपाई म्हणायचा, “भाऊसाहेब, तुमच्या फडक्यातून फाईल जिती सुटलेली म्या तर पाह्यली न्हाई.” मला ते कौतुक वाटायचं.

दोन हजार सालानंतर कधीतरी पवनचक्क्यांचं प्रकरण आलं. एका कंपनीला गावाबाहेरचा सरकारी माळ हवा होता. परवानगी जिल्ह्याहून मिळणार होती. आमच्याकडून फक्त अभिप्राय जायचा: जागा मोकळी आहे का, तिथे कुणाचा वापर आहे का.

वापर होता. त्याच आठवड्यात गावातले एक निवृत्त गुरुजी माझ्या टेबलापाशी आले. माळाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या बौद्ध वस्तीची स्मशानभूमी होती, पण कागदावर तिची नोंद नव्हती. नोंदीसाठी त्यांनी पूर्वी केलेला अर्जही कुठल्याशा फडक्यात पडून होता. गुरुजींच्या पत्नीला आदल्या वर्षी तिथेच अग्नी दिला होता.

“कंपनीवाले खुंट्या ठोकून राह्यले तिथं,” ते म्हणाले. “लेखी हरकत आणली भाऊसाहेब. सगळ्या वस्तीच्या सह्या हायेत.”

कागद चोख होता. शाळामास्तरचं अक्षर, समास सोडलेला, सह्यांच्या जोडीला अंगठे.

“गुरुजी, हा घेतला तर याला नंबर पडेल. नंबर पडला की वर जाईल. वर नोंद विचारतील, आणि नोंद नाही म्हटल्यावर तुमचंच नुकसान. त्यापेक्षा प्रकरण माझ्याकडं पडू द्या.”

“बराबर थांबंल ना पण?”

“बिलकुल. इथून कागद हलणार नाही.”

त्यांनी हरकतीची घडी घातली, ‘जय भीम’ केला आणि गेले. मी नकाशातली एक त्रुटी शोधली, फडक्याला गाठ मारली आणि यादीत लिहिलं: पवनचक्की, थांबवले. पुढे बरोबरची खूण.

दीड महिन्याने कंपनीचं जमिनीचं काम बघणारे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. “तुमच्या तालुक्याचे आभार मानायला आलो. बाकीच्यांनी दहा शंका काढल्या. तुमच्याकडून एक नाही!”

“अहो, आमचा अभिप्राय अजून गेलेलाच नाही.”

“तेच तर! नाही गेला म्हणून तर एवढ्या जल्दी झालं.” त्यांनी परवानगीची प्रत माझ्यापुढे ठेवली.

प्रतीत एका परिपत्रकाचा हवाला होता. मी परिपत्रकांची फाईल काढली. ते तिथे होतं, माझ्याच अक्षरातल्या क्रमांकासह, जागच्या जागी. विषय: अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांच्या परवानग्यांना गती देण्याबाबत. कशाला ना कशाला गती देण्याबाबत दर महिन्याला काहीतरी यायचंच, म्हणून विषय पाहून मी ते लावून टाकलं होतं. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती. तीस दिवसांत अभिप्राय न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.

मी ती ओळ तीनदा वाचली. वीस वर्षं मी गप्प बसून ‘नाही’ म्हणत आलो होतो. आता त्याच गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’ झाला होता, आणि लेखी हरकत घेऊन आलेल्या माणसाला मीच परत पाठवलं होतं.

शिपायानं पेढा पुढे केला. “घ्या भाऊसाहेब. पहिली सुटली.”

दुपारच्या एसटीनं गाव गाठलं आणि माळावर गेलो. जेसीबीनं अर्धा कोपरा सपाट केला होता. कडेला वस्तीतली माणसं उभी होती.

“तुम्ही तर न्हाई म्हणणार होते ना?” गुरुजींनी विचारलं.

“म्हणालो होतो, गुरुजी.”

“कुणाला?”

मी वहीतलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, काम थांबवावे, आणि खाली सही केली. जेसीबीवाल्यानं पान उलटसुलट पाहिलं. “साहेब, तुमची सही चालती का?”

“नाही चालत.”

त्यानं इंजिन बंद केलं. “मुकादम गावात गेलाय. तो येईस्तोवर मी चहा पितो.”

तेवढ्या वेळात वस्तीतल्या बायांनी घमेली आणली आणि उरलेल्या कोपऱ्यातली आपल्या माणसांची माती सोबत न्यायला म्हणून भरायला घेतली. कुठली माती कुणाची, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मीही एक घमेलं उचललं. गुरुजी नुसते हातानं दाखवत होते, इथून घ्या, इथून बी घ्या.