सातवीचे निबंध तपासणाऱ्या बाई

"हे तू स्वतः बघितलंस का?"

निबंधातल्या एखाद्या वाक्यावर पेन्सिलीचं टोक ठेवून मराठीच्या बाई विचारायच्या. मूल नाही म्हणालं की त्या वाक्याभोवती हलकेच कंस करायच्या. खोडायच्या नाहीत. "असू दे. पुढच्या वेळी बघून लिही."

सोलापुरातल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारी होती. बाई अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. कुणी त्यावरून चेष्टा केली तर म्हणायच्या, "तुमची मराठी आयती आहे, सर. माझी शिकलेली आहे."

एका वर्षी सातवीला 'माझी आई' हा विषय दिला. झाडून सगळ्या आया पहाटे उठून अंगणात सडा घालत होत्या. मोबाइलवरून उतरवलेलं होतं, हे मलाही कळलं. बाई एक वही पुढे करून म्हणाल्या, "हिच्या दारात डांबरी रस्ता आहे हो. सडा कुठं घालते ही?"

त्या गठ्ठ्यात एकच निबंध वेगळा निघाला. त्या मुलीची आई घरी विड्या वळायची. मुलीनं लिहिलं होतं, 'विड्या वळताना आई कुणाशी बोलत नाही. मधेच डोळे पुसते. मी विचारलं तर म्हणते, तू अभ्यास कर.'

बाईंनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. कौतुकानंच. पण मधल्या सुट्टीत पोरं त्या मुलीला 'रडकीची पोरगी' म्हणून चिडवू लागली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिची आई आली, ती थेट शिक्षकखोलीत.

"माझ्या घरातलं चार पोरांत का वाचलं? पोरगी कालधरनं जेवली न्हाय. आता तिला साळंत धाडत न्हाय मी."

आम्ही सगळे खाली बघत बसलो. बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. तिला विचारायला हवं होतं."

अशा उत्तराची मुलीच्या आईला सवय नसावी. आवाज उतरवून ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय त्ये मला तरी वाचून दावा की."

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि सबंध निबंध हळू आवाजात वाचला. विडीवालीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"मी रडत न्हाय वो बाई," शेवटी ती म्हणाली. "तंबाखूनं डोळं झोंबत्यात." मग वहीकडे बघत, "पोरगी येवढं बघत असती व्हय?"

"हे तिला घरी जाऊन विचारा," बाई म्हणाल्या.

मुलगी दोन दिवसांनी वर्गात आली. तिनं वही मागून घेतली आणि निबंधाखाली दोन ओळी वाढवल्या. 'आई म्हणाली, ते तंबाखूमुळे होतं. मला दोन्ही खरं वाटतं.' बाईंनी ती वही माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीकडे बघत राहिल्या. त्या निबंधाला त्यांनी गुण दिले नाहीत. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही द्या. मला जमेना."

त्यानंतर कुठलाही निबंध वर्गात वाचण्याआधी त्या मुलाजवळ जाऊन, त्यालाच ऐकू येईल असं, "वाचू का?" विचारायच्या. नको म्हटलं की वही मिटायच्या. काही फार चांगले निबंध त्यामुळे वर्गाला कधीच कळले नाहीत. मला मात्र ठाऊक आहे, की तेच त्या दोनदा वाचायच्या.

गेल्या एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोपाला सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली, मीसुद्धा. बाई शेवटी उठल्या आणि मुलांना म्हणाल्या, "तुमची नावं मी विसरेन. अक्षरं नाही विसरणार." एवढं बोलून बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी फाटकापर्यंत गेलो. ऊन मी म्हणत होतं. एक रिक्षा थांबली, बाईंनी हातानंच नको म्हटलं. डोक्यावर पदर घेतला आणि शाळेच्या भिंतीची वीतभर सावली धरून त्या चालत गेल्या.