अर्धा रोडगा

राजापेठेतला माझा स्कूटर मेकॅनिक गाडीकडे आधी पाहतच नाही. "गाडीचं मंग पाहू भाऊ, शुगर किती आली?" असं चारचौघांत विचारतो. पोळी-भात सोडून त्याने स्वतःची शुगर खाली आणली. माझी वाढल्याचं मी त्याला सांगून बसलो, तीच चूक. तेव्हापासून ब्रेक राहतात बाजूला आणि हा माझा डबा उघडतो. "पोळी काहून आणली? अंडे खा, पनीर खा!"

परवा एका ओळखीच्यांच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. हा नेमका माझ्याच शेजारी. स्वतः त्याने नुसती वांग्याची भाजी घेतली आणि गोवऱ्यांवर भाजलेला, तुपात बुडवलेला माझा कणकेचा रोडगा सरळ पत्रावळीवरून उचलला.

मी तडकलो, "तुमी काय मोठे डॉक्टर लागून गेले?"

रोडगा फोडून त्याने नाकाशी धरला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. मग अर्धा कुत्र्याला टाकला, अर्धा माझ्या पानात ठेवला.

"घ्या, एवढा खा. मले वासावर भागते."

वासावर भागवणाऱ्या त्याच्यासमोर मला तो अर्धाही खाववेना. रोडगा पानात टाकून उठायची माझी ती पहिलीच वेळ. त्याचा राग मला अजून आहे.