आगारातली चालकबाई

आगारातली पहिली बाई ड्रायव्हर म्हणून तिला घेतलं, तेव्हापासून सगळे तिला चालकबाईच म्हणत. सरकारचं नवं धोरण होतं, बायकांना प्रत्येक कामात जागा. हार झाले, फोटो झाले, संडास मात्र झाला नाही. नव्याचे नऊ दिवस सरले आणि तिला कळलं, दिवसभर पाण्याचा घोट न घेता बस चालवायची असते. तरी तिनं चालवली, डोंगरातल्या वळणांवरही, गाडीला साधा ओरखडा न येऊ देता.

मग सरकार बदललं. आता बायकांचं संरक्षण करायचं होतं. लांबचे मार्ग बायकांना धोक्याचे, असं वर बसलेल्यांनी ठरवलं आणि तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं.

"साहेब, मी काही तक्रार केली होती का?" तिनं आगारप्रमुखाला विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई."

बायकांसाठी म्हणून एक खोलीही मिळाली, जुन्या टायरांनी भरलेली. आत उंदीर मेला की वास थेट तिच्या खिडकीपर्यंत यायचा. सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी तिनं नाकाला पदर लावायची सवय करून घेतली.

केस पिकले तेव्हा तिसरं धोरण आलं, समानतेचं. टायर हलले, भिंती गुलाबी झाल्या. राजधानीहून एक अधिकारी बाई छायाचित्रकाराला घेऊन आल्या.

"मावशी, या नव्या बसमध्ये बसा ना. स्टिअरिंगवर हात ठेवा. हसा जरा."

"किल्ली कुठंय?" तिनं ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसत विचारलं.

"ती ड्रायव्हरकडे आहे."

तिला किळस आली. पुरुषांची घाणेरडी थट्टा ऐकतानाही असं कधी झालं नव्हतं. ती खाली उतरली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि खिडकीत जाऊन बसली. मग फोटोसाठी कार्यालयातल्या टायपिस्ट मुलीला बसवलं. तो फोटो दारातच लागला, खाली 'आमच्या रणरागिणी'. चालकबाई रोज तोंड फिरवून आत जायची.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी बहिणीची मुलगी आली. ड्रायव्हरची भरती निघाली होती, तिला अर्ज करायचा होता.

"मावशी, भरू ना अर्ज?"

"काय सांगू? त्या जागेची मला शिसारी येते. गाडीची कधी आली नाही."

सकाळी तिनं शेजाऱ्याचा टेंपो मागून आणला आणि भाचीला मैदानात नेलं. भाचीनं पहिल्याच फेरीत तो मागे घेताना कुंपणावर घातला.

"परत घे," मावशी म्हणाली आणि फुटलेल्या दिव्याबद्दल शेजाऱ्याला काय सांगायचं, याचा विचार करू लागली.