उभ्या कांद्याची मुदत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "निमा, हे उठत नाहीयेत गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन त्यांनी तसाच खाली ठेवला असावा, कारण पुढे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. नाशिकरोडहून इंदिरानगरला रिक्षाने जाईपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. दादा कुशीवर होता, एक हात उशीखाली, लहानपणी झोपायचा तसाच. त्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जो येईल तो एकच वाक्य बोलत होता. झोपेत गेले, भाग्य लागतं त्याला! मी मान हलवत राहिले. पण शेजारच्या काकूंनी ते पुन्हा म्हटलं तेव्हा माझा तोल गेला. "काकू, तो कित्येक वर्षं धड झोपलेलाच नव्हता," म्हटलं. "शेवटी लागली एकदाची." काकूंना ते आवडलं नाही. मला मात्र बोलून जरा बरं वाटलं.

माझा भाऊ अरुण सरकारी अधिकारी होता, पण लोकांना सांगून समजेल अशी त्याची नोकरी नव्हती. जमिनीखालून पेट्रोल-डिझेल वाहून नेणारे जे नळ शेकडो गावांच्या खालून जातात, ते गंजून फुटू नयेत म्हणून सरकारचे नियम आहेत, आणि कंपनी ते पाळते की नाही हे बघायचं त्याचं काम. माझे यजमान त्याला 'गंजखात्याचे साहेब' म्हणायचे. दादा हसायचा, पण घरात पाऊल टाकलं की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची रबरी नळी वाकवून बघायचा, मग चप्पल काढायचा. लग्नाच्या हॉलमध्ये वधूवर सोडून तो आचाऱ्याच्या सिलिंडरपाशी सापडे. एकदा माझ्या मोठ्या नणंदेच्या घरी त्याने सगळ्यांसमोर शेगडी बंद करून नळी काढून ठेवली आणि पाहुण्यांना तासभर चहा मिळाला नाही. नणंद आजही ते सुनावते. वहिनी म्हणायच्या, "यांना देवाने नाक दिलंय ते वास घ्यायलाच." कंपन्यांचे लोक त्याला वचकून असत. तपासणीला जाताना तो आगाऊ कळवायचा नाही, त्यांच्या गेस्टहाऊसचं जेवायचा नाही, आणि मुदतवाढीचा अर्ज आला की वाचून झाल्यावर अगदी गोड आवाजात 'नाही' म्हणायचा. तो गोड आवाज ऐकला की समोरच्याने ओळखायचं, आता काही होणार नाही.

एकदा आम्ही चौघं चांदवडच्या देवीला निघालो होतो. चांदवडच्या अलीकडे एका गावापाशी दादाने गाडी थांबवायला लावली, कारण त्याला शेतात एक खांब दिसला. त्या नळाच्या वाटेवर ठरावीक अंतराने असे गुडघ्याएवढे खांब असतात आणि खालच्या नळाला जोडलेली एक तार त्यात वर आणलेली असते. नळ गंजू नये म्हणून त्याला कायम अगदी थोडा करंट दिलेला असतो. तो पोचतोय का, हे त्या तारेवर मोजतात. दादाने मला हे गाडीत पूर्वीही समजावलं होतं आणि मी पूर्वीही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बघितलं. खांबाची पेटी उघडी होती आणि आतल्या तारेला दुसरी एक वायर गुंडाळून ती थेट विहिरीवरच्या मोटारीला नेलेली होती. कांद्याला पाणी देणारा माणूस टॉवेलला हात पुसत आला. रामनाथ त्याचं नाव. दादाने विचारलं, हे काय केलंय? तो अगदी कौतुकाने सांगायला लागला, "मोटारीला करंट उतरायचा साहेब. बायकोला लय जोराचा झटका बसला. मग म्हटलं, खाली येवढा लोखंडी पाइप हाय, त्याच्यापेक्षा चांगली अर्थिंग कुठं मिळायची?" दादाला हसूच आवरेना. बायकोचा जीव वाचवायला त्याने शक्कल लढवली होती, आणि त्या शक्कलेने नळाला वाचवणारा करंट सगळा मोटारीच्या वाटेने विहिरीच्या पाण्यात चालला होता. दादाने वायर काढायला लावली, मोटारीसाठी कोळसा-मीठ घालून वेगळी अर्थिंग कशी करायची ते बांधावर बसून समजावलं, आणि नंतर स्वतः जाऊन ती झाली का बघून आला. रामनाथची बायको, लताबाई, तिने आम्हाला पात घातलेलं पिठलं खायला घातलं. देवीला पोचेपर्यंत ऊन उतरलं.

वायर काढली तरी त्या ठिकाणचं मोजमाप सुधारेना. म्हणजे मधल्या काळात खाली काहीतरी झालं होतं. नळावरचं वेष्टण फाटलं असेल, लोखंड खाल्लं गेलं असेल... उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. दादाने कंपनीला नोटीस दिली, खोदून तपासा, तोपर्यंत नळ बंद ठेवा. कंपनीने मुदत मागितली. दादाने गोड आवाजात नाही म्हटलं. मग एका रविवारी सकाळी गावातले चार-पाच जण त्याच्या घरी आले, पुढे रामनाथ. मी तिथेच होते, चहा मीच केला. उन्हाळ कांदा शेतात उभा होता. खोदकामाची यंत्रं यायची म्हणजे पट्टाच्या पट्टा जाणार होता, आणि तो पट्टा नेमका रामनाथच्या वावरातून. भरपाई असते, पण ती कधी हातात पडते हे सगळ्यांना ठाऊक. "साहेब, पात अजून हिरवी हाय," रामनाथ म्हणाला. "कांदा निघू द्या, मग पाहिजे तितकं खोदा. पहिलं फावडं मी सोता मारतो."

"रामनाथ, खाली काय झालंय ते मला माहीत नाही," दादा म्हणाला. "म्हणून तर उघडायचंय."

"इतकी वर्षं काय झालं नाय, आन महिन्याभरात काय व्हतंय?"

दादाने कप खाली ठेवला. तो गोड आवाज मी त्या दिवशी ऐकला नाही. बांधावर बसून ज्याच्याशी आपण गप्पा मारल्या, ज्याच्या घरचं जेवलो, त्याच्या तोंडावर तो शब्द त्याला काढता आला नाही. कंपनीला नाकारलेली मुदत त्याने शेतकऱ्यांना दिली, कंपनीने नळ चालू ठेवून दाब कमी ठेवायच्या आणि रोज माणूस फिरवून वाटेवर लक्ष ठेवायच्या अटीवर. जाताना रामनाथ वाकून पाया पडायला लागला, तेव्हा दादाने त्याला अर्ध्यात धरलं.

दाब कंपनीने थोडे दिवस कमी ठेवला, मग पुन्हा वाढवला. फिरणारा माणूस डांबरी रस्त्यावरूनच फिरत होता. हे सगळं नंतर निघालं. गावात आदल्या दिवसापासून विहिरीला रॉकेलसारखा वास येत होता आणि लोकांना वाटलं, कोणीतरी फवारणीचा पंप विहिरीवर धुतला असेल. सकाळी वीज आली. कांद्याला शेवटचं पाणी द्यायचं म्हणून रामनाथने स्टार्टर दाबला, आणि विहिरीतून जाळ वर आला. लताबाई डोक्यावर भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिने ते सगळं पाहिलं, अगदी शेवटपर्यंत पाहिलं, कारण जवळ जाता येत नव्हतं.

चौकशी झाली. वरच्यांनी दादाला सुचवलं की कंपनीने चुकीची माहिती दिली असं म्हण, प्रकरण तिकडे वळेल. तो प्रत्येक वेळी एकच सांगत राहिला की मुदत मी दिली. शेवटी कंपनीला दंड झाला, आणि दादाबद्दल असा निर्णय आला की परिस्थिती बघून मुदत देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नियमानेच आहे, त्यांनी नियमाबाहेर काही केलेलं नाही. मी पेढे घेऊन गेले होते. मूर्खपणाच तो, पण तो नोकरीतून जाईल, तुरुंगात जाईल, अशा धास्तीत आम्ही इतके दिवस काढले होते. "सुटलास की रे दादा," म्हटलं. "कोणी सोडलं?" त्याने विचारलं, आणि पेढ्यांचा पुडा बंद करून माझ्याच पिशवीत ठेवला. त्यानंतर त्याने मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली. गॅसच्या नळ्या बघणं थांबलं. आमच्याकडे आला की मुकाट खुर्चीत बसायचा आणि पहिला चहा झाला की निघून जायचा. चिडून मी एकदा म्हटलं, अरे नळी तरी बघ की माझी! तर म्हणाला, "तूच बघत जा." मला फार राग आला त्या कंपनीचा, त्या दंडाचा, आणि खरं सांगायचं तर रामनाथचाही.

वर्षातून एकदा मात्र दादा न चुकता चांदवडकडे जायचा, रामनाथच्या श्राद्धाला. वहिनींनी मला हे तो गेल्यावर सांगितलं. लताबाई अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची टाकायची, तो बसायचा. ती पाणी विचारायची नाही. तो पान वाढून होईपर्यंत थांबायचा आणि नमस्कार करून उठायचा. यंदा ती तिथी आली तेव्हा दादाला जाऊन थोडेच आठवडे झाले होते. वहिनींना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून मी गेले.

"मी साहेबांची बहीण," मी सांगितलं.

"वळखलं. साहेब नाय आले?"

सांगितलं. तिने आतून खुर्ची आणून माझ्यासाठी टाकली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. "मी त्यांना पाणी इचारलं नाय कधी," ती म्हणाली. "राग व्हता. अजून हाय. गेलेल्या माणसावर धरू नये, पन हाय." मग म्हणाली, "आमचा कांदा व्हता ताई, आम्ही मुदत मागणारच. आम्ही मागितली तरी त्यांनी नाय म्हणायचं व्हतं. त्येंचं कामच त्ये व्हतं."

मागच्या बाजूने यंत्राचा आवाज येत होता. मी विचारलं तर ती मला घराच्या मागे घेऊन गेली. नळाचा पुढचा भाग तपासायचा निघाला होता. गावातले लोक पुन्हा मुदत मागायला नाशिकला गेले होते, अर्जावर तिचाही अंगठा हवा होता. "मी दिला नाय," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्या वावरात उद्याच या." कांदा उभा होता, पात पिकून कंबर मोडायच्या आधीची, हिरवीगार, आणि तिच्या मधोमध यंत्राने सरळ चर पाडला होता. तळाशी उतरून दोन माणसं नळावरची माती हाताने काढत होती. उपटलेले कांदे बांधावर ढिगाने पडले होते, लिंबाएवढे, पातीसकट. लताबाईने त्यातले पिशवीत भरले. "साहेबांच्या बाईंना द्या. ह्ये काय टिकायचे नाय, लवकर खावा म्हणावं."

संध्याकाळी मी ते इंदिरानगरला नेले. वहिनींना सगळं सांगितलं, शब्दही न वगळता. त्यांनी पिशवी दादाच्या खोलीत नेली, त्याच्या रिकाम्या पलंगाजवळ खाली वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक कांदा सुटा सुटा मांडला. माती लागलेली होती, ती त्यांनी पुसली नाही. मग पलंगाच्या कडेला बसल्या.

"त्याच वर्षी असे कच्चे यायला हवे होते गं हे कांदे," त्या म्हणाल्या.