ओहोटीपुरता दोर

मी नंदाखाल गावच्या वाडीतली. केळीचा घड कधी उतरवायचा ते मला कळतं, पाण्यातलं ओ की ठो कळत नाही. नवरा मात्र बंदरावरचा, उभी हयात परदेशी जहाजांवर काढलेला. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. ह्यांनी एक जुनी शिडाची यॉट घेतली आणि खाडीत आणून बांधली. एकदा ती स्वतःच्या हाताने गोव्यापर्यंत न्यायची, एवढंच ह्यांचं म्हणणं. मी तिला होडगं म्हणायचे, मुद्दाम, ह्यांना राग यावा म्हणून.

हृदय थकलंय, दगदग नको, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, सुटले बाई, आता हे खूळ जाईल. कसलं काय! थोडं बरं वाटताच हे मला घेऊन बाजारात निघाले, दोर घ्यायला. वाटेवरच्या बंदरांत यॉट धक्क्याला बांधायला नवे दोर हवे होते.

दुकानदाराने यॉटची लांबी विचारली आणि तेवढा दोर काढला. ह्यांनी नको म्हटलं. आपल्या किनाऱ्याला ओहोटीचं पाणी दोन-तीन पुरुष उंचीइतकं खाली उतरतं. आखूड बांधलेली बोट त्याच्याबरोबर खाली जाऊ शकत नाही, दोराला लटकते आणि कलंडते. हे सगळं मला तिथेच समजावत बसले. मी वैतागून विचारलं, एवढे लांब दोर घरात ठेवायचे कुठे?

"उरला तर गुंडाळून ठेवता येतो गो," हे म्हणाले. "पुरला नाय तर बोट जाते."

दुकानात मीटरचं माप होतं, पण ह्यांना वावच हवी. दोन्ही हात पसरायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर ताणायचा, ती एक वाव. दोन-तीन वावांतच ह्यांना धाप लागली आणि हात खाली आले. हे स्टुलावर बसले. दुकानदार दुसरीकडे बघू लागला. मला ते बघवेना. पदर खोचला आणि मी हात पसरले. माझे हात आखूड. हे हसले, म्हणाले, तोंडाएवढे हात लांब असते तर काम लवकर आटपलं असतं. मी मापतच राहिले. मापून झालं की हे निघणार, याची मला भीती वाटत होती. ह्यांनी बास म्हटलं तरी मी आणखी दोर ओढून घेतला.

पावसाळाभर हे ओटीवर बसून दोरांच्या टोकांना फास विणत होते. पाऊस सरला की निघायचं होतं. मी रोज सायबिणीला, आमच्या मरियामातेला, सांगायचे, होडगं इथेच राहू दे. होडगं राहिलं. हेच गेले, पावसाचा जोर ओसरायच्या आत, ओटीवरच, मांडीवर दोर असताना.

दफनभूमीतले पेटी उतरवायचे दोर पावसाने कुजले होते. मी घरून ह्यांचे दोर आणवले. धाकटे दीर म्हणाले, वहिनी, फार लांब आहेत, थोडे कापू या. मी कापू दिले नाहीत.

पेटी खड्ड्यावर आली. खाली चिखल होता, धरणाऱ्यांचे पाय सरकत होते, म्हणून त्यांनी दोर घट्ट आवळून धरले. पेटी मधेच अडली आणि एका बाजूला कलली. फादर प्रार्थना म्हणत होते.

"सैल सोडा," मी म्हटलं. "लटकवू नका ह्यांना."

त्यांनी दोर सैल सोडला. पेटी सरळ झाली, हळूहळू खाली गेली आणि टेकली. त्यांच्या हातात दोर उरला. केवढातरी उरला.